मार खाल्लेल्या बाईचं काम

त्या टायमाला घरात कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजी पुढं घोळ न्हाई. मी व्हते. माझा लेक व्हता, येकुलता येक. त्याची बायको, म्हंजी माझी सून व्हती. त्यांची पोरगी, माझी नात, लातूरला दिलेली, लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी आलेली. शेजारची माझी धाकटी जाऊ व्हती. तिच्या घरी टीव्ही हाय, पण येकटीला बघायला करमत न्हाई म्हणून रोज आमच्याकडंच. आन शेवटच्या दिवशी नातीचा नवरा आला. एवढीच माणसं. नावं सांगत न्हाई. नाव कळलं की लोक गाव शोधतेत, गाव सापडलं की घर शोधतेत. लोहा तालुक्यात आमचं गाव हाय, एवढं बास झालं.

रोज सांजच्याला आठ वाजता ती मालिका लागायची. सिनेमातल्या एका लई मोठ्या हिरोची आन त्याच्या बायकोची गोष्ट व्हती. बायको बी हिरोईनच, पण लग्नानंतर काम सोडलेली. तो घरात तिला मारायचा आन बाहेर तिच्या खांद्यावर हात टाकून फोटू काढायचा. मंग एक दिवस ती पोलिसात गेली आन देशभर बोभाटा झाला. बातम्यावाले तिच्या दारात, तिच्या बापाच्या दारात. निम्मे लोक म्हणायचे हिरो वाईट, निम्मे म्हणायचे बाई खोटारडी. कुठंतरी खरंच घडलंय म्हणं हे, असं जाऊ सांगायची. मला काय म्हाईत.

मला गोष्टीपरीस कामं बघायची खोड हाय. कोण बरं काम करून राहिलं, कोण उगं तोंड वाकडं करून राहिलं. पोलिसाचं काम करणारा बरा व्हता. समोरची बाई रडून राहिली तरी तो चहाच्या कपाकडं बघायचा. खरे पोलीस असेच बघतेत, ते मी पुढं बघितलं. वकिलाचं काम करणारा हात एवढे हलवायचा की माशा मारून राहिला असं वाटावं. मी बोलत बसायचे आन जाऊ हसायची.

"बाई, तुम्हाला मुंबईला न्यायला पाहिजे. तिथं खुर्चीवर बसायचं आन कुणाचं काम बरं, कुणाचं वाईट, एवढंच सांगायचं."

"नेतील की. पण मंग तुला चहा कोण करून देईल?"

"तुम्ही कवा दिलाय? तुमची सून देती."

सून आतून हसायची. लेक बी हसायचा. नात हसायची न्हाई, पण ते आम्हाला मागून कळलं.

पंचमी जवळ आली तवा लेक यष्टीनं लातूरला गेला आन तिला घेऊन आला. गाडीतून उतरली तवाच वाळलेली दिसली. सासरी गेलं की पोरी वाळतेतच, असं सगळ्यांनी धरलं. तिच्यापाशी मोबाइल नव्हता. सुनेनं इचारलं, "कामून गं?" तर म्हणली, "बिघडलाय. रिपेरीला टाकलाय."

जाऊ म्हणली, "नवऱ्याचंच मोबाइल रिपेरीचं दुकान, आन बायकोचाच मोबाइल बंद! लोकायचे आधी करतो वाटतं."

सगळे हसले. ती बी हसली, पण तिला हसायला जरा येळ लागला.

पंचमीच्या आदल्या दिवशी कासारीण आली. आमच्याकडं माहेरी आलेल्या पोरीनं पंचमीला हिरवा चुडा भरायचाच असतो. आपण घातला तसं न्हाई, कासारणीनं हात धरून भरायचा. ती बोटं आखडून, अंगठ्याखालचं हाड दाबून बांगडी वर सरकवती. डावा हात भरला. उजवा धरला, हाड दाबलं, तर पोरीनं दातावर दात दाबले आन हात मागं वढून घेतला.

"येवढी नाजूक कवापासून झाली गं?" कासारीण म्हणली. "मागच्या पंचमीला तर गप बसून भरून घेतल्या व्हत्या."

"लातूरची झाली ना आता," सून म्हणली. "तिकडं पोरी एक कडं घालून फिरतेत."

कासारणीनं मंग उजव्या हातात मोठ्या मापाच्या बांगड्या घातल्या. त्या हातावर ढिल्या व्हत्या, कोपरापस्तोर वर जायच्या आन परत खाली यायच्या. कासारीण माझ्याकडं बघून गेली. बोलली काय न्हाई. तिला चार घरी जायचं असतं.

त्याच सांजच्याला मालिकेत मारायचा भाग आला. हिरो आधी ओरडला. मंग काचेचा गिलास भिंतीवर फेकला, टेबल उलटं केलं, आन मंग बायकोच्या तोंडात मारली. ती किंचाळली, तिच्या बांगड्या फुटल्या, ती केस मोकळे सोडून पलंगावर पडली आन मोठ्यानं रडाया लागली. मागं बाजा वाजून राहिला.

लेक म्हणला, "हिरोईनच ती. इतके दिवस रडायचा पगार घेतला, आता नवऱ्याचा बंगला पाहिजे असंल."

"हाव की," जाऊ म्हणली. "येवढा सोन्यासारखा नवरा. घरात मोटारी किती उभ्या हायत बघ."

मी म्हणलं, "तिचं काम मला पटलं न्हाई."

"कामून वं बाई? एवढी तर रडून राहिली."

"त्यो बी चुकला आन ती बी चुकली. मारणारा आधी ओरडत न्हाई. आधी दाराला कडी घालतो. गिलास कशाला फोडंल? आवाज झाला तर शेजारी येतील की. आन बांगड्या फुटल्यावर बाई रडत पडती का? आधी खाली बसून काचा गोळा करती. कुणाच्या पायात जातील, कुणी बघंल, कुणी इचारलं तर काय सांगावं, ह्यो घोर तिला आधी लागतो. रडायचं मागून, न्हाणीत."

 लेकानं मोबाइलमधी तोंड घातलं. त्याला म्हाईत हाय मी कुठून शिकले ते. लहान व्हता, पण एवढा बी लहान नव्हता.

नात उठली आन म्हणली, "आज्जी, पाणी आणू का?"

मला पाणी नको व्हतं. मी तिच्याकडं बघितलं. आम्ही सगळे टीव्हीकडं तोंड करून बसलो व्हतो, ती दाराकडं तोंड करून बसलेली व्हती. रोज तशीच बसायची, आता आठवलं. उजवा हात पदराखाली.  तिथून पुढं जी भीती बसली ती अजून उठली न्हाई.

माझं सांगते, थोडक्यात. माझा नवरा मारायचा. त्यात नवल काय नव्हतं, आमच्या गल्लीत बऱ्याच जणी खायच्या. दिवसाढवळ्या त्यानं डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली की मी समजायचे. ओरडायचा न्हाई. कडी घालायचा. माझ्या पहिल्या पंचमीला भाऊ मला न्यायला आला. माहेरी मायनं मला न्हाऊ घातलं. पाठीवर पाणी वतलं, पाठ बघितली, आन परत पाणी वतलं. काय बोलली न्हाई. राखी झाल्यावर माझी वटी भरली आन भावासंगं परत धाडलं. तिचा राग मला कवाच आला न्हाई. तिनं तरी काय करावं, घरात अजून दोन बहिणी लग्नाच्या व्हत्या. मी निभावून नेलं. नवरा गेला त्याला बरीच वरसं झाली. ती टोपी मी कुणाला दिली न्हाई, जाळली.

पण मी निभावलं म्हणून नात बी निभावंल असं थोडंच हाय. त्या काळी गल्लीत माणसं असायची, सासरा तरी मधी पडायचा. हे दोघं लातूरला तिसऱ्या माळ्यावर राहतेत. खाली दुकानं, शेजारी कुलपं. कडी घातली की संपलं.

पंचमीच्या दिवशी घरात काय चिरायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई. पुरण भरून उकडलेले दिंड केले. पोरीबाळी झोका खेळाया गेल्या. नात गेली न्हाई. मागच्या अंगाला धुण्याच्या दगडापाशी भांडे घासत बसली. मी तिच्यापाशी जाऊन बसले.

"हात कशानं दुखतो?"

"दुकानाच्या शटरमधी आला, आज्जी."

"कवा?"

"झाले की काही दिवस."

"हेच सांगायचं ठरलंय का?"

ती भांडं घासत राहिली. घासलेलंच परत घासत राहिली. मंग हळूच म्हणली, "तुझ्या पाया पडते, बाबाला नको सांगू."

"कामून?"

"बाबा त्या हिरोईनीला रोज काय म्हणतेत, ऐकती ना तू? तिच्यापाशी फोटू हायत, डाक्टरचे कागद हायत, तरी बंगल्यासाठी करून राहिली म्हणतेत. माझ्यापाशी काय हाय?"

 तिनंच पुढं सांगितलं. येताना नवऱ्यानं तिला नीट समजावून सांगितलं व्हतं. माहेरी जा, हस, खेळ, फोटू काढ. तोंड उघडलं तर परत आल्यावर बघतो. आन एकदा गळ्याला हात लावला व्हता. हे सांगताना तिनं हात लावून दाखवलं बी न्हाई, नुसतं सांगितलं. जशी बाजारातून काय आणलं ते सांगावं, तसं.

तवा मला कळलं, ही पोरगी आता परत गेली तर पुढच्या पंचमीला यायची न्हाई. हात मोडला तर बसवता येतो. गळ्याचं तसं नसतं.

मी सुनेला सांगितलं. सुनेनं पदर तोंडात घातला. "आत्याबाई, यांना कोण सांगणार? म्हणतील, भांडण कुठल्या घरात न्हाई. पहिल्याच वर्षी पोरगी घरात ठेवली तर लोक काय म्हणतील."

"मी सांगते. आज सण हाय, उद्या सांजच्याला वावरातून येऊ दे."

सांगते म्हणलं खरं, पण रातभर कुशी बदलत राहिले. घरात माझ्या शब्दाला काय वजन हाय? मी टीव्हीपुढं बसून बोलणारी म्हातारी. आन लेक तसा वाईट न्हाई, पण इज्जतीला लई भितो. लेकाचा सभाव असा की गावात कुणी खाकरलं तरी त्याला वाटतं आपल्यावरच खाकरलं.

दुसऱ्या दिवशी लेक वावरातून यायच्या आत दारात फटफटी वाजली. नातीचा नवरा आला. रीत अशी हाय की पहिल्या पंचमीला आलेली पोरगी राखीपस्तोर माहेरी राहती, मंग न्यायला येतेत. हा पंचमीच्या दुसऱ्याच दिवशी आला.

"दुकान एकट्याला झेपंना, मामी," तो सुनेला म्हणला. "जेवणाची बी लई आबाळ होऊन राहिली. सकाळी लवकर निघतो आम्ही."

माझ्या पाया पडला. पेढ्याचा डबा दिला. हसरा पोरगा, दिसायला नीटनेटका, आवाज कवा चढत न्हाई. माझा डबडा मोबाइल मागून घेतला, त्यातली धूळ साफ केली, आवाज मोठा करून दिला. "आता कसं ऐकू येतंय बघा, आजी." नात चुलीपाशी उभी व्हती. तिनं एकदा बी त्याच्याकडं पाठ केली न्हाई.

लेक आला, हातपाय धुतले, जावयाला नव्या टोपी-टावेलाचा आहेर केला. आठ वाजले. जाऊ आली. टीव्ही लागला. हिरोईन पोलीसबाईपुढं बसून रडून राहिली व्हती.

जावई म्हणला, "आजी, तुम्हाला कामातलं लई कळतं म्हणं. मला हिनं सांगितलं व्हतं. कसं वाटतं हिचं?"

मी म्हणलं, "तुम्हाला कसं वाटतं, पाव्हणे?"

"खोटंय सगळं. ओव्हरॲक्टिंग. असं काय असतंय का कुठं?" आन माझ्याकडं बघून हसला, जसं आमच्या दोघायचं एकच मत असावं.

लेक म्हणला, "तेच मी म्हणतो. नुसता पैशाचा खेळ."

मी खाली बघितलं. माझे हात मांडीवर थरथरून राहिले व्हते, मी त्यांच्यावर बसले. म्हाताऱ्या बाईनं हातावर बसणं म्हंजी काय ते बघा. असं टीव्हीतल्या कुणी करून दाखवलं न्हाई.

थोड्या येळानं जावई उठला. "बॅग भरून ठेवतो. सकाळी घाई नको." मधल्या खोलीत गेला आन तिथून हाक मारली, "जरा ये गं. तुझ्या साड्या दाखव." साधी हाक. जशी कुणी बी मारंल. नातीनं हातातली परात खाली ठेवली, हात पुसले, सावकाश पुसले, आन आत गेली. दार लागलं.

टीव्हीत ती बाई हुंदके देऊन राहिली व्हती, बाजा वाजून राहिला, जाऊ म्हणून राहिली, "बघा, आता पोलीसबाईला बी पाझर फुटला." ह्या सगळ्या गलबल्यात आतली कडी सरकली. कुणाला ऐकू आली न्हाई. मला आली. मी सांजपासून त्याच आवाजाची वाट बघून राहिले व्हते.

मी उठले.   रिमोट मला चालवता येत न्हाई, म्हणून मी भिंतीपाशी गेले आन टीव्हीची वायर वढून काढली.

"माय! काय केलं?" लेक ओरडला.

"ऐन टायमाला वं बाई!" जाऊ म्हणली.

मी म्हणलं, "गप बसा. ऐका."

"काय ऐका?"

"गप म्हणते ना."

माझा आवाज कसा झाला व्हता म्हाईत न्हाई, पण सगळे गप झाले. टीव्ही बंद पडल्यावर घर एवढं शांत झालं की चुलीतलं लाकूड ऐकू येऊन राहिलं. आन मंग आतून त्याचा आवाज आला. चढलेला नव्हता. लेकराला पाढे शिकवावेत तसा.

"आजीपाशी काय बोललीस? म्हातारी माझ्याकडं बघून कामून राहिली? ... खाली नको बघू. माझ्याकडं बघ. सकाळी हसत बसायचं गाडीवर. कळलं का?"

आन नातीचं, श्वास अडकल्यासारखं, "हाव... हाव."

मंग काच मोडल्याचा आवाज. लई बारीक. एक, मंग अजून एक. आन एक हुं, तोंड दाबल्यावर निघतो तसा.

सुनेनं भिंत धरली. जाऊचं तोंड उघडं ते उघडंच. मी लेकाकडं बघितलं. मला त्याची भीती वाटून राहिली व्हती. आता हा जर म्हणला, जाऊ द्या, नवरा-बायकोचं हाय, तर संपलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्याचं तोंड लहानपणी व्हायचं तसं झालं. असाच दाराबाहेर उभा राहायचा तो, बापानं कडी घातली की.

तो उठला. दारापाशी गेला. दार वाजवलं न्हाई, हात नुसता दारावर ठेवला.

"पाव्हणे. कडी काढा."

आत सगळं थांबलं.

"बॅग भरून राहिलो, मामा. आलोच."

"कडी काढा म्हणतो."

कडी निघाली. जावई हसत बाहेर आला. "काय झालं, लाइट गेली का?"

 आम्ही त्याच्या मागं आत बघत व्हतो. नात खाली बसली व्हती. रडत नव्हती. डाव्या हातानं जमिनीवरच्या हिरव्या काचा गोळा करून पदरात टाकून राहिली व्हती. उजवा हात तसाच लोंबत व्हता, त्याच्यावरून रगत वघळून राहिलं व्हतं, तिला त्याचं ध्यान नव्हतं.

लेक तिथंच उंबऱ्यात बसला. 

"पलंगाच्या दांड्याला लागलं," जावई म्हणला. "तुमची पोरगी धांदरट हाय, मामा. मी रोज सांगतो..."

"पाव्हणे," माझी जाऊ म्हणली. सोन्यासारखा नवरा म्हणणारी हीच. "आम्ही बहिरे न्हाई. वायर काढलेली हाय टीव्हीची. सगळं ऐकलं."

तवा पहिल्यांदा त्याचं हसणं गेलं. त्यानं सगळ्यांकडं एकेक करून बघितलं. माझ्यावर नजर आली तशी माझ्या पाठीत कळ गेली, खोटं कशाला सांगू. मला वाटलं हा आता माझ्या अंगावर येतो. पण तिथं आम्ही बरीच माणसं व्हतो आन दार उघडं व्हतं. असली माणसं उघड्या दारात काय करत न्हाईत.

लेक खालीच बसून बोलला, त्याच्याकडं न बघता. "वाढलेलं जेवून जावा, पाव्हणे. पोरगी येणार न्हाई."

"कधी येणार मंग?"

"येणार न्हाई."

"मामा, विचार करा. लोक इचारतील."

लेक उंबऱ्यावरची माती नखानं खरवडाया लागला. लोक म्हणलं की त्याचं असंच होतं. मला वाटलं, गेलं आता. पण तो म्हणला, "इचारू द्या."

जावई जेवला न्हाई. पेढ्याचा डबा परत घेऊन गेला, एवढं मला आठवतं. फटफटीला कीक मारता मारता म्हणला, "मी माणसं घेऊन येतो. मंग बघू कोण खोटं ते."

आला बी. त्याचे काका, मामा, लातूरचा कुणी पुढारी. बैठक बसली. सगळे म्हणले, पोरगा निर्व्यसनी हाय, दुकान चांगलं हाय, हात एखाद्या वेळी उचलला जातो. आमच्याकडचे बी दोघं तेच म्हणले. लेक मान खाली घालून बसला, पण न्हाई म्हणत राहिला. मंग आम्ही तालुक्याला जाऊन फिर्याद दिली. फिर्याद घेणाऱ्यानं मान वर न करता इचारलं, "मार किती दिवसांपासून? मंग आधी कामून आला न्हाई?" नातीचं तोंड पांढरं पडलं. जाऊ संगं आली व्हती, तिनं माझ्या कानात म्हणलं, "बाई, तुम्ही म्हणला व्हता तसाच चहाकडं बघतो हा."

अजून तारखा चालू हायत. हात बसवला, पण मूठ पुरी वळत न्हाई. नात आता गल्लीतल्या बायांचे ब्लाउज शिवती, डाव्या हातानं कापड धरती. मी अजून भिते. गल्लीत फटफटी वाजली की हातातलं काम थांबतं, पुढं निघून गेली की परत चालू होतं. नातीचं बी तसंच. आम्ही एकमेकीकडं बघत न्हाई, पण दोघींचं काम एकाच येळी थांबतं. जावई गप बसल्याची भीती जास्त वाटती. लेक संध्याकाळी दोनदा दार बघतो.

मालिका पुढं चालली. मी टीव्ही लावू दिला न्हाई. जाऊनं तिच्या घरी बघितली आन एक दिवस मला सांगायला आली, शेवटी काय झालं ते. मी म्हणलं, पोरीपुढं नको. मंग मागच्या दारी उभं राहून तिनं सांगितलं. कोर्टात त्या बाईला इचारतेत, एवढा मार खाल्ला तर फोटूत हसून कामून राहिली? आन ती बाई काय बी बोलत न्हाई. लई येळ नुसती गप उभी राहती.

"रडली न्हाई?"

"न्हाई वं. नुसती गप. मला तर कंटाळा आला."

मी म्हणलं, तिथं तिनं बरोबर काम केलं. ते मी बघायला पाहिजे व्हतं. तिच्या बाकीच्या रडण्याला मी नावं ठेवली ती ठेवली, पण कुणीतरी तिला सांगितलं असंल, न्हाईतर तिला आतून म्हाईत असंल. आतून म्हाईत नसू दे बिचारीला.

आता नातीला सगळ्यात जड जातं ते कोर्ट न्हाई आन हात बी न्हाई, लोकायचा येकच सवाल. ब्लाउज घ्यायला येणारी बाई असू द्या, दूधवाला असू द्या, लोह्याच्या बाजारात भेटलेली मास्तरीण असू द्या. सगळे मायेनंच इचारतेत, वाईट कुणाच्या मनात नसतं. तिनं इतक्यांदा ऐकलं की आता समोरच्याचं तोंड उघडायच्या आत तिची मान खाली जाती.

वाचणाराला माझं एवढंच मागणं हाय. तुमच्या गल्लीत कुणाची पोरगी माहेरी येऊन राहिली असंल, तर तिच्याशी पावसापाण्याचं बोला, भाजीचा भाव इचारा, काय बी बोला. फकस्त परत कधी जाणार, हे तिला इचारू नका.